विचारणे, वाचणे, लिहिणे : बदलत्या दुकानांतली मराठी

वॉशिंग्टन सरोवराच्या पूर्व तीरावर वसलेल्या बेलव्ह्यू शहराचे नाव गेल्या अर्धशतकातल्या दोन मोठ्या बदलांशी जोडलेले आहे. मायक्रोसॉफ्ट ही कंपनी जानेवारी १९७९ मध्ये न्यू मेक्सिकोतील अल्बुकर्कीहून येथे आली आणि १९८६ मध्ये शेजारच्या रेडमंडला जाईपर्यंत येथेच राहिली. ज्या एमएस-डॉसवर १९८१ पासून असंख्य संगणक चालू लागले, ती याच काळातली. पुढे १९९४ मध्ये जेफ बेझोस यांनी याच शहरात भाड्याने घेतलेल्या घराच्या गॅरेजमधून ॲमेझॉनचा प्रारंभ केला. माणसे लिहितात कशी आणि खरेदी करतात कशी, या दोन्ही गोष्टी बदलणाऱ्या कंपन्यांचे सुरुवातीचे दिवस एकाच गावात गेले, हा योगायोग म्हणता येईल. त्या दोन बदलांची पुढे जी सांगड बसली, ती मात्र आज मराठी माणसाच्या रोजच्या व्यवहारात उतरली आहे, मग तो बेलव्ह्यूत राहत असो वा बार्शीत.

ही सांगड थोडक्यात अशी आहे. जुन्या दुकानात ग्राहक वस्तू तोंडाने मागत असे. नंतरच्या दुकानात तो फळीवरची नावे वाचून वस्तू स्वतः उचलू लागला. आताच्या दुकानात त्याला वस्तूचे नाव लिहावे लागते, आणि ते लेखन माणूस नव्हे, तर यंत्र वाचते. विचारणे, वाचणे आणि लिहिणे या तीन पायऱ्यांनी ग्राहक नकळत लेखक झाला. त्यामुळे शाळेत चार-दोन गुणांपुरते महत्त्व असलेले शुद्धलेखन आता वस्तू सापडणे किंवा न सापडणे ठरवू लागले आहे.

स्ट्रॉबेरीच्या मळ्यांपासून पुस्तकांच्या दुकानापर्यंत

दुकानांचा हा प्रवास बेलव्ह्यूत फार थोड्या काळात घडला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हा भाग शेतीचा होता. येथील स्ट्रॉबेरी नावाजलेली होती आणि १९२५ पासून तिच्या नावाने उत्सव भरत असे. ती पिकवणारे अनेक शेतकरी जपानी वंशाचे होते. १९४२ मध्ये सरकारने त्यांना घरदार सोडायला लावून छावण्यांत धाडले आणि उत्सवही थांबला. त्याआधी, १९४० मध्ये, सरोवरावर तरंगता पूल झाला होता. सिॲटलमध्ये नोकरी करून पलीकडच्या काठावर राहणे त्यामुळे शक्य झाले. १९४६ मध्ये बेलव्ह्यू स्क्वेअर हे मोटारीने येणाऱ्या ग्राहकांसाठी बांधलेले बाजारसंकुल उघडले. शहराला नगरपालिका मिळाली ती त्यानंतर सात वर्षांनी, १९५३ मध्ये. म्हणजे येथे बाजार आधी आला आणि शहर मागाहून.

बेझोस यांनी धंदा सुरू केला, तेव्हा त्यांच्या काही बैठका बेलव्ह्यूतल्याच बार्न्स अँड नोबल या पुस्तकांच्या दुकानातील कॉफीच्या टेबलांवर होत. पुस्तकांची दुकाने ज्या व्यवसायामुळे पुढे अडचणीत आली, त्याच्या गप्पा पुस्तकांच्या दुकानातच रंगल्या होत्या. जुलै १९९५ मध्ये ॲमेझॉनचे संकेतस्थळ सर्वांसाठी खुले झाले. सुमारे वीस वर्षांनी या कंपनीला उलट दिशेने चालावेसे वाटले. नोव्हेंबर २०१५ मध्ये तिने सिॲटलमध्ये विटा-सिमेंटचे पहिले पुस्तकांचे दुकान काढले आणि २०१७ मध्ये बेलव्ह्यू स्क्वेअरमध्येही एक उघडले. या दुकानांत पुस्तके कण्याकडून नव्हे, तर मुखपृष्ठ समोर येईल अशी मांडलेली असत. खाली वाचकांनी संकेतस्थळावर दिलेले तारे आणि अभिप्राय छापलेले असत. किंमत पाहायची तर पुस्तक यंत्रापुढे धरावे लागे. संगणकाच्या पडद्यावरचे पान जणू फळीवर उतरवले होते. मार्च २०२२ मध्ये कंपनीने ही सगळी पुस्तकांची दुकाने बंद करण्याचे जाहीर केले. दुसरीकडे बार्न्स अँड नोबलने २०१९ नंतर कारभार बदलला आणि अलीकडच्या वर्षांत अमेरिकेत नवी दुकाने उघडण्याचा सपाटा लावला. दुकान संपले, ऑनलाइन जिंकले, अशी सरळ रेषा येथे काढता येत नाही. ग्राहकाकडून काय अपेक्षित आहे, हे मात्र दोन्हींकडे निश्चित बदलले.

वाण्याची यादी

महाराष्ट्रातील किराणा दुकानात मधोमध फळकूट असे. अलीकडे ग्राहक, पलीकडे वाणी. कोणती तूरडाळ चांगली शिजते, कोणत्या घरात उपास असतात, कोणाची उधारी थकली आहे, हे वाण्याला तोंडपाठ असे. महिन्याची यादी घरून लिहून जाई खरी. पण ती वाचणारा घर ओळखत होता. यादीत ‘साकर’ लिहिले काय किंवा ‘साखर’ लिहिले काय, पुडी साखरेचीच बांधली जाई. यादीतला नेमका तांदूळ संपला असेल, तर त्याच्या जागी कोणता चालेल, हेही त्याला ठाऊक असे.

ग्राहकाने स्वतः फिरून वस्तू उचलण्याची पद्धत टेनेसी राज्यातील मेम्फिस येथे १९१६ मध्ये पिगली विगली या दुकानाने सुरू केली. जून १९७४ मध्ये ओहायोतील ट्रॉय गावी बारकोड वाचून पहिली विक्री झाली आणि वस्तूच्या नावाशिवायही व्यवहार होऊ शकतो, हे सिद्ध झाले. महाराष्ट्रातील शहरांना ही सवय बरीच उशिरा लागली. पवईत डी-मार्टचे पहिले दुकान २००२ मध्ये उघडले. मात्र लेखी मागणीचा एक वेगळा आणि यशस्वी प्रयोग मराठी माणसांनी त्याआधीच केला होता. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीत शेजारपाजारची कुटुंबे संघ करून महिन्याची मागणी ठरावीक तक्त्यावर नोंदवत आणि माल एकत्र येई. तक्त्यात वस्तूंची नावे आधीच छापलेली असत; ग्राहकाने समोर फक्त आकडा घालायचा. नाव लिहिण्यातली चूक तिथे संभवतच नसे. आजच्या सर्च बॉक्समध्ये नेमके उलटे आहे. आकडा यंत्र घालते, नाव ग्राहकाने लिहायचे असते.

लेखनाचे नियम वाचकाप्रमाणे बदलतात

लेखनाचे संकेत कोणी एका दिवसात ठरवत नाही. समोरचा वाचक कोण आहे, यावर ते घडत जातात. मराठी व्यापाऱ्यांची कीर्द-खतावणी आणि राज्यकारभाराचे दप्तर शतकानुशतके मोडीत लिहिले गेले. मोडीत हात न उचलता भराभर लिहिता येई. तिच्यात ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळला जात नसे, शब्द सुटे लिहिण्याचा आग्रह नसे आणि विरामचिन्हे जवळजवळ नसतच. त्याने काही अडत नव्हते; कारण लिहिणारा आणि वाचणारा एकाच व्यवहारातले असत. संदर्भ ठाऊक असला की अक्षर अपुरे असले तरी चालते.

एकोणिसाव्या शतकात छापखाना आला आणि वाचक अनोळखी झाला. मुंबईत छापलेले पुस्तक नागपुरात कोण उघडणार, हे लेखकाला कळण्याचा मार्ग नव्हता. छपाईसाठी बाळबोध लिपी स्थिर झाली. मोल्सवर्थ यांचा कोश १८३१ मध्ये निघाला, दादोबा पांडुरंग यांचे व्याकरण १८३६ मध्ये आले, आणि शतकाच्या मध्यास मेजर कँडी यांनी विरामचिन्हांची इंग्रजी पद्धत मराठीत रुजवली. वाक्य संपताना हिंदीत दंड आणि मराठीत पूर्णविरामाचा ठिपका, हा फरक आजही दिसतो. पुढे मराठी साहित्य महामंडळाने केलेले १४ नियम शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले आणि १९७२ मध्ये त्यांत आणखी चारांची भर पडली. उच्चार नसलेले अनुस्वार गेले. ‘कवि’ आणि ‘गुरु’ हे शब्द सुटे लिहिताना ‘कवी’ आणि ‘गुरू’ झाले. समासात मात्र ‘कविमन’ आणि ‘गुरुकुल’ हे ऱ्हस्वच राहिले.

हे सर्व नियम माणसासाठी होते. एखादी वेलांटी चुकली तर मास्तर रागावत, संपादक खूण करत. पण अर्थ पोहोचत असे. तिसऱ्या प्रकारचा वाचक, म्हणजे यंत्र, आला तेव्हा ही सवलत संपली.

एका नावाची तीन रूपे

संगणकाला अक्षराचा आकार दिसत नाही. त्याला दिसतो अक्षराला दिलेला क्रमांक. मायक्रोसॉफ्ट बेलव्ह्यूत होती, तेव्हाच्या संगणकांवर रूढ असलेल्या आस्की या संकेतावलीत एकूण १२८ जागा होत्या आणि त्यांत देवनागरी नव्हती. भारतीय लिपींसाठी इस्की हे मानक तयार झाले. त्याच्या आधारे युनिकोडने १९९१ मध्ये देवनागरीला स्वतःचे क्रमांक दिले. पुण्याच्या सी-डॅकने याच काळात भारतीय लिपी संगणकावर आणण्याचे मोठे काम केले. तरीही सामान्य माणसाच्या संगणकावर हे क्रमांक सहजी चालू लागायला २००० साल उजाडले. त्या वर्षी आलेल्या विंडोज २००० मध्ये मंगल हा देवनागरी फॉन्ट होता.

मधल्या काळात मराठी वृत्तपत्रांनी आणि प्रकाशकांनी आपापले फॉन्ट वापरले. त्यांत युक्ती अशी होती की रोमन अक्षराच्या क्रमांकावर देवनागरीचा आकार बसवायचा. ज्याच्याकडे तो फॉन्ट असे, त्याला सुरेख मराठी दिसे. इतरांना निरर्थक रोमन चिन्हांची रांग. माणसाला मराठी दिसणारा तो मजकूर यंत्राच्या लेखी मराठी नव्हताच. त्यामुळे त्या वर्षांतले पुष्कळसे मराठी लेखन, ते रूपांतरित केलेले नसेल तर, आज शोधून सापडत नाही. परदेशातील वाचकाला मायदेशाची बातमी प्रथमच त्याच दिवशी मिळू लागली, त्या काळातली ही स्थिती होती.

युनिकोड आल्यावर हा प्रश्न सुटला. पण एक बारीक प्रश्न उरला. त्याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे ॲमेझॉनचेच नाव. बेझोस यांनी १९९४ मध्ये कंपनीची नोंदणी ‘कडाब्रा’ या नावाने केली होती. फोनवर ते ‘कडॅव्हर’, म्हणजे प्रेत, असे ऐकू गेल्याने नाव बदलण्याचे ठरले. नव्या नावासाठी त्यांनी इंग्रजी वर्णमालेच्या पहिल्या अक्षराकडे लक्ष दिले. कारण त्या काळी संकेतस्थळांच्या याद्या वर्णानुक्रमाने लागत आणि पहिल्या अक्षराचे दुकान यादीत वर राहत असे. दुकानाचे नावच लेखनाच्या संकेतावरून निवडले गेले.

हे नाव मराठीत आले तेव्हा काय झाले? त्यातला पहिला स्वर इंग्रजीतून आलेला. मराठीत तो ‘अ’वर चंद्र काढून लिहितात. संगणकावर तो तीन प्रकारे उमटू शकतो. पहिला प्रकार : ‘अ’ हे अक्षर आणि त्यापुढे चंद्राची मात्रा अशी दोन चिन्हे जोडून ‘अॅ’. दुसरा : ‘ए’च्या डोक्यावर चंद्र असलेले ‘ऍ’, जे युनिकोडमध्ये सुरुवातीपासून होते आणि म्हणून अनेकांनी नाइलाजाने वापरले. तिसरा : ‘ॲ’ हे एकसंध अक्षर, ज्याला युनिकोडने २००८ मध्ये स्वतंत्र क्रमांक दिला. त्यानंतर लवकरच, नोव्हेंबर २००९ मध्ये, महाराष्ट्र शासनाने देवनागरी लिपी आणि वर्णमालेविषयीचा निर्णय काढून या स्वराला मराठी वर्णमालेत अधिकृत स्थान दिले. पहिला आणि तिसरा प्रकार पडद्यावर बहुधा अगदी सारखे दिसतात. डोळ्याला फरक कळत नाही. यंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात, जोपर्यंत कोणी ते एकच आहेत असे त्याला शिकवत नाही.

यातली गंमत पुढे आहे. ‘ॲ’ला क्रमांक उशिरा मिळाल्यामुळे तो ‘ह’च्याही बराच नंतरचा आहे. केवळ क्रमांकाच्या आधारे मराठी नावांची यादी लावली, तर ‘ॲमेझॉन’ हे नाव ‘हळद’ आणि ‘हिंग’ यांच्याही खाली जाते. इंग्रजी यादीत वर राहावे म्हणून निवडलेले नाव मराठी यादीत तळाला! मराठी वर्णक्रम जाणणारी प्रणाली असेल तर असे होत नाही. पण ती जाणीव कोणीतरी मुद्दाम घालावी लागते.

अशी आणखीही ठिकाणे आहेत. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत गुरुजी आणि स्वयंपाकी इतका फरक आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, तर ‘दऱ्या’ डोंगरातल्या. हा आडव्या रफाराचा ‘ऱ’ मराठीला हवा, हिंदीला नको. तो लिहिण्याचेही संगणकावर दोन मार्ग आहेत आणि दोन्हींचे क्रमांक वेगळे आहेत. मराठी ‘ल’ आणि ‘श’ यांचे वळण हिंदीहून निराळे आहे. पण त्यांचे क्रमांक एकच असल्याने ते वळण सर्वस्वी फॉन्टच्या मर्जीवर राहते. स्थळांच्या नावांचेही तेच. या शहराचे नाव मराठी वळणाने ‘बेलव्ह्यू’ असे लिहिले जाते, हिंदी वळणाने ‘बेलव्यू’. आणि सिॲटल तर ‘सिएटल’, ‘सियाटल’ अशा नाना रूपांनी बातम्यांत भेटते.

वरई, भगर आणि मोरैयो

बेलव्ह्यूची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत सुमारे १ लाख ५२ हजार होती आणि पाच रहिवाशांपैकी साधारण दोघे परदेशात जन्मलेले आहेत. शहरात आणि लगतच्या रेडमंडमध्ये भारतीय किराण्याची दुकाने आहेत. त्यांतली फळी वाचणे हे मराठी गृहिणीसाठी एक लहानसे भाषांतरच असते. अमेरिकेतील भारतीय किराण्याचा व्यापार उभारण्यात गुजराती व्यापाऱ्यांचा वाटा मोठा; शिकागोत १९७४ मध्ये निघालेले पटेल ब्रदर्स हे त्याचे ठळक उदाहरण. त्यामुळे पाकिटांवर इंग्रजीखालोखाल गुजराती आणि हिंदी नावे रूढ झाली. चुरमुरे हवे असतील तर ‘ममरा’ वाचायचे, तूरडाळीसाठी ‘तुवेर’, उपासाच्या वरईसाठी ‘मोरैयो’. चिवड्यात घालायचे डाळे ‘डालिया’ या नावाने मिळते आणि गव्हाचा दलिया समजून ते घरी येण्याची शक्यता असते.

फळीसमोर उभे असताना ही अडचण फारशी जाणवत नाही, कारण पाकिटातून वस्तू दिसते. ऑनलाइन मागवताना नावच तेवढे हाती असते. शिवाय मराठीतही नावे एक नाहीत. एकाची वरई ती दुसऱ्याची भगर. एकाचे कुरमुरे ते दुसऱ्याचे चुरमुरे आणि विदर्भातले मुरमुरे. वाण्याच्या फळकुटापाशी या सर्वांचे उत्तर एकच होते. सर्च बॉक्समध्ये ही वेगवेगळी नावे एकत्र बांधण्याचे काम कोणी केले असेल तरच वस्तू सापडते.

त्यात मराठीची स्वतःची घडण भर घालते. मराठीत विभक्तीचा प्रत्यय शब्दाला चिकटतो आणि चिकटताना शब्दाचे रूप बदलतो. दूध, पण दुधाची पिशवी. गूळ, पण गुळाची ढेप. मेतकूट, पण मेतकुटाची बरणी. पीठ, पण पिठाची गिरणी. शेवटून दुसऱ्या अक्षरातला दीर्घ स्वर ऱ्हस्व होतो, हा नियम मराठी माणूस न शिकताही बोलण्यात पाळतो. परंतु ‘थालीपीठ’ एवढाच शब्द जसाच्या तसा जुळवणाऱ्या यंत्राला ‘थालीपिठाची भाजणी’ सापडत नाही. मोठी शोधयंत्रे असे अनेक भेद आता ओळखतात. लहान दुकानांच्या आणि लहान प्रकाशकांच्या संकेतस्थळांवर मात्र अनेकदा अक्षरास अक्षर जुळावे लागते. ज्यांना पर्याय सर्वांत कमी, त्यांनाच शुद्धलेखनाची किंमत सर्वांत जास्त मोजावी लागते.

न सापडणारे पुस्तक

किराण्यात चूक झाली तर एखादे पाकीट परत करावे लागते. पुस्तकांच्या बाबतीत नुकसान अधिक खोल आहे. गिरगावातले मॅजेस्टिक किंवा पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातली दुकाने येथे जाणारा वाचक अर्धवट आठवणीवरही पुस्तक मिळवू शकत असे. ‘त्या शाळेतल्या मुलांची ती कादंबरी’ एवढे सांगितले, तरी विक्रेता फळीकडे हात नेत असे. मुंबईचे स्ट्रँड बुक स्टॉल हे १९४८ चे दुकान फेब्रुवारी २०१८ मध्ये बंद झाले, तेव्हा हळहळ व्यक्त झाली ती केवळ सवलतीच्या दरांसाठी नव्हती. पुस्तके ओळखणारा माणूस तिथे भेटत असे.

परदेशातील मराठी वाचकाला तो माणूस मुळातच दुर्मीळ होता. त्याच्यासाठी ऑनलाइन विक्री आणि ई-पुस्तके हे खरेखुरे वरदान ठरले. किंडल हे वाचनयंत्र २००७ मध्ये आले. त्यावर मराठीसह पाच भारतीय भाषांतील पुस्तकांची सोय डिसेंबर २०१६ मध्ये झाली. पुण्याहून चालणाऱ्या बुकगंगासारख्या सेवांमुळे छापील मराठी पुस्तकेही सातासमुद्रापार पोहोचू लागली. मात्र पुस्तक असणे आणि सापडणे या वेगळ्या गोष्टी आहेत. ‘पु. ल. देशपांडे’ हे नाव ठिपक्यांसह, ठिपक्यांविना, अंतर सोडून, अंतर न सोडता, पूर्ण ‘पुरुषोत्तम लक्ष्मण’ असे आणि शिवाय रोमन लिपीत, अशा अनेक प्रकारे नोंदवले जाऊ शकते. जी. ए. कुलकर्णी आणि ना. सी. फडके यांचेही तेच. आद्याक्षरांनी ओळखले जाणे हे मराठी लेखकांचे वैशिष्ट्य. यंत्राच्या दृष्टीने तो नुसता गोंधळ. १९६२ पूर्वीच्या पुस्तकांची नावे तर जुन्या लेखनपद्धतीत आहेत; नव्या नियमांनी शिकलेल्या वाचकाला जुना ‘कवि’ टंकित करण्याचे सुचणारही नाही. अमेरिकी ग्रंथालयांत मराठी पुस्तकांच्या नोंदी प्रामुख्याने रोमन लिप्यंतराने होत आल्या आहेत. त्यांत ‘ळ’साठी अक्षराखाली टिंब आणि दीर्घ स्वरासाठी अक्षरावर रेघ असते, हे नुसते मराठी वाचणाऱ्याला कसे कळावे?

पाटीचा कायदा आणि ॲपची भाषा

दुकानाने मराठी बोलावे, ही मागणी महाराष्ट्रात जुनी आहे. राज्याच्या दुकाने व आस्थापना कायद्यात मार्च २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी बंधनकारक झाली. मराठी अक्षरे अन्य लिपीतील अक्षरांपेक्षा लहान असू नयेत, असेही त्यात आहे. व्यापाऱ्यांच्या संघटनेने न्यायालयात दाद मागितली. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये अंमलबजावणीसाठी दोन महिन्यांची मुदत दिली. ऑनलाइन दुकानाच्या बाबतीत हाच वाद आधी पेटला होता. २०२० च्या अखेरीस महाराष्ट्र नवनिर्माण सेनेने ॲमेझॉनच्या ॲपमध्ये मराठीचा पर्याय हवा म्हणून आंदोलन केले. तोडफोडीच्या घटना घडल्या आणि प्रकरण न्यायालयातही गेले. सप्टेंबर २०२१ मध्ये कंपनीने मराठी आणि बंगाली हे पर्याय उपलब्ध केले.

या दोन्ही लढ्यांचा रोख दर्शनी भागावर होता : पाटी मराठीत हवी, बटणे मराठीत हवीत. ते योग्यच होते. परंतु ग्राहक लेखक झाल्यावर प्रश्न दर्शनी भागापुरता उरत नाही. ‘कार्टमध्ये जोडा’ असे बटण मराठीत असूनही ‘मेतकूट’ लिहिल्यावर काहीच हाती लागले नाही, तर ते दुकान मराठी बोलते, पण मराठी ऐकत नाही. पाटीसाठी कायदा करता येतो. ऐकण्यासाठी शब्दांची काळजीपूर्वक बांधणी करावी लागते.

ही बांधणी नसली की माणसे आपली वाट शोधतात. बहुसंख्य मराठी माणसे मोबाइलवर मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहितात. त्या लेखनात ऱ्हस्व-दीर्घ नाही, ‘ळ’ आणि ‘ल’ वेगळे नाहीत, ‘ण’ आणि ‘न’ यांत भेद नाही. के, ए, एल या तीन अक्षरांतून ‘काल’, ‘काळ’, ‘कळ’ की ‘कल’, हे वाचणाऱ्याने संदर्भाने ओळखायचे. एका अर्थाने ही मोडीच्या काळाकडची परतफेरी आहे : ओळखीच्या माणसांत चालणारे, घाईचे, अपुरे लेखन. घरच्या निरोपात ते खुशाल चालावे. पण मोडी वाचणारे कमी झाल्यावर दप्तरखान्यांतली लक्षावधी कागदपत्रे मुकी झाली, हेही स्मरणात ठेवायला हवे. बोलून शोधण्याची सोय गूगलने मराठीत २०१७ मध्ये दिली, आणि मुलांकडे परदेशी आलेल्या आई-वडिलांना तिचा मोठा आधार वाटतो. ग्राहक पुन्हा बोलू लागला, असे वाटावे इतका. तरी तो आवाज आत शेवटी अक्षरांतच उतरतो आणि जुळणी अक्षरांचीच होते.

काय करता येईल

उपाय अवघड नाहीत, फक्त ते कोणाचेच काम न मानल्यामुळे राहून जातात. संकेतस्थळ चालवणाऱ्याने अॅ, ऍ आणि ॲ यांना, तसेच आडव्या रफाराच्या दोन्ही रूपांना, शोधापुरते एक मानण्याची सूचना यंत्राला द्यावी. हे थोड्या ओळींचे काम आहे. किराणा विकणाऱ्याने वस्तूच्या नोंदीत वरई, भगर आणि मोरैयो ही तिन्ही नावे लिहावीत. प्रकाशकाने लेखकाचे नाव प्रत्येक पुस्तकावर एकाच रूपात द्यावे, पर्यायी रूपे नोंदीत जोडावीत आणि जुन्या पुस्तकांची नावे जुन्या-नव्या दोन्ही लेखनांत ठेवावीत. परदेशातील मराठी शाळांनी मुलांना वेलांटी-उकार शिकवताना पाटीबरोबर कीबोर्डही समोर ठेवावा. ‘दूध’मधला उकार दीर्घ का, हे सांगताना तो लिहिल्यावर काय सापडते, हेही दाखवता येईल, नियमाचा उपयोग मुलांना तिथेच कळेल.

वाचकाच्या हाती उरते ती एक साधी गोष्ट. एखादा मराठी शब्द शोधून सापडला नाही, तर तो इंग्रजीत लिहून पुढे जाण्याआधी दुकानाला किंवा ग्रंथालयाला तसे कळवावे. पूर्वी वाण्याला सांगितले की पुढच्या महिन्यात वस्तू येत असे. दुकानाची जागा बदलली असली, तरी मालाची यादी अजूनही ग्राहकांच्या मागणीतूनच वाढते.